आधी हूक, मग पाय

बसा असे. कठड्यापासून जरा अलीकडे. कौस्तुभ, तो मोबाईलचा टॉर्च बंद कर, लाईट यायची तेव्हा येईल. आणि रसिका, तू मघापासून हसते आहेस ती एकदाची हसून घे. मला मध्येच थांबायला आवडत नाही.

तो समोर लाल दिवा दिसतोय? त्या दोन टॉवरच्या मधोमध, उघडमीट करणारा? आपल्या इंद्रलोकच्या कुठल्याही गच्चीवरून तो दिसतो. सगळीकडची लाईट गेली तरी तो चालूच, कारण तो जनरेटरवर आहे. अडतिसाव्या मजल्यावर या टॉवरवरून त्या टॉवरवर जायला लोखंडी पूल बांधलाय. दिवा त्या पुलाच्या मध्यावर आहे. आता पुलाला काचा लागल्या, वर म्हणे लोक सकाळी धावणार. धावू देत. मी सांगतोय ती गोष्ट पूल उघडा होता तेव्हाची. नुसते गर्डर, चालायला एक अरुंद पट्टी, आणि खाली हवा.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढली, तिथे भुताला उभं राहायला जागा नव्हती. पण उत्तम भोईरला मी पंचवीस वर्षं ओळखतो. नवघर गावातला, माझ्याबरोबर कॅरम खेळायला बसायचा. हरला तरी खोटं बोलायचा नाही. आयुष्यात एकदाच खोटं बोलला. तीच ही गोष्ट, आणि ती त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितली.

तारीख १२ डिसेंबर २०२४, गुरुवार. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, उलट आकाशात चांगला मोठा चंद्र होता. संध्याकाळचे पावणेसात. उत्तम कामावरून आला, आंघोळ केली, ओटीवर टेकला. आत सुलूवहिनींचा मार्गशीर्षातल्या गुरुवारचा उपास. घट मांडलेला, पाच फळं लावलेली, खिरीचा वास सुटलेला. साडेसातला आरती आणि मग जेवणं. त्यांची मुलगी पूर्वी तेव्हा आठ वर्षांची. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली, एकुलती एक. उत्तमचा सगळा जीव त्या पोरीत.

तेवढ्यात फोन वाजला. साईटवरचे हितेशसाहेब. "उत्तमभाई, ऊपर की लाल बत्ती बंद है. जरा देख लो ना, तुम तो पास में ही हो."

"सर, आत्ताच घरी आलोय. सुबह देखता हूँ."

"अरे, रात को बत्ती बंद नहीं चलती. प्लग निकला होगा. पाँच मिनट का काम."

लोखंडाच्या टोळीचा मुकादम उत्तमच, लिफ्टची चावी त्याच्याकडे. त्याने शर्ट चढवला. आतून सुलूवहिनी म्हणाल्या, "अहो, आरतीला थांबू ना?"

"थांब. अर्ध्या तासात आलोच."

ओटीला लोखंडी जाळीचं दार होतं. बाहेर पडून उत्तमने चावीने जाळीवर दोन ठोके दिले. टण् टण्. आतून पूर्वीने चमच्याने तसेच दोन दिले. टण् टण्. बापलेकीचा रोजचा खेळ तो. पण तो खेळ आला कुठून ते ऐका, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

उंचावर लोखंडाचं काम करणारी माणसं एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. नाव ऐकलं की माणूस मान वळवतो, आणि चार बोटं रुंदीच्या गर्डरवर मान वळवली की पाय चुकतो. शिवाय वाऱ्यात हाक ऐकूही येत नाही. म्हणून पान्याने लोखंडावर ठोका द्यायचा. आवाज पूर्ण सांगाड्यातून जातो, कानाला नाही आला तरी तळपायाला कळतो. प्रत्येकाचा ठोका वेगळा. उत्तमचा दोन.

समजा कोणी वरून आपला ठोका दिला, तर ज्याने ऐकला त्याने तोच ठोका परत वाजवायचा. त्याचा अर्थ: ऐकलं, तू येईपर्यंत मी इथेच आहे. एकदा उत्तर मिळालं की वरच्याने पुन्हा ठोकायचं नाही, गप राहायचं, नाहीतर सगळ्यांचा गोंधळ होतो. मग तो माणूस खाली उतरला की एकच ठोका देतो. म्हणजे उतरलो. तो एक ठोका ऐकल्याशिवाय उत्तर देणाऱ्याने जागा सोडायची नाही, आकाश कोसळलं तरी.

आणि हूक. कमरेच्या बेल्टच्या दोरीला एक पिवळा हूक असतो, तो आधी कशाला तरी अडकवायचा, मगच पाऊल टाकायचं. आधी हूक, मग पाय. दुसऱ्याच्या हूकला हात लावायचा नाही. ज्याचा हूक त्यानेच लावायचा, त्यानेच काढायचा. उत्तम हे नव्या पोरांकडून देवाच्या नावासारखं घोकून घ्यायचा.

त्याच्या टोळीत जानू होता. पाली गावचा, कोळ्याचा पोरगा, सव्वीस वर्षांचा. लहानपणापासून होडीच्या डोलकाठीवर चढलेला, त्यामुळे उंचीचं त्याला काही वाटायचंच नाही. जानूचा ठोका एक, जरा थांबून दोन. टण्… टण् टण्. जेवायला उत्तमच्या घरी आला की दाराला हात न लावता जाळीवर पान्याने तोच ठोका द्यायचा, आणि पूर्वी आतून चमच्याने उत्तर देत धावत यायची. "जानूकाका आला!" उत्तर देणं, थांबणं, सगळं तिला त्यानेच शिकवलं होतं.

त्या वर्षी गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात जानू मेला.

सकाळी सहाला पोरं वर गेली तर जानू पुलाखाली बेल्टमध्ये लटकलेला. वरून दिसणार नाही अशा जागी. पाय सटकला होता, पण हूकने त्याला धरलं होतं. अंगावर ओरखडा नाही. डॉक्टर म्हणाले, माणूस असा नुसता लोंबकळत राहिला की मांड्यांचे पट्टे आवळतात. आधी पायांना मुंग्या येतात. मग पाय गार पडतात. रक्त खालीच अडकून राहतं. अर्ध्या-पाऊण तासात उतरवला असता तर वाचला असता. दोरी कापून त्याला काढला. हूक तसाच गर्डरला राहिला, दोरीचं वीतभर टोक घेऊन. तिथवर हात पोचत नव्हता, आणि टोळीतला कोणी पोचवायला तयारही नव्हता.

सगळ्यांचा प्रश्न एकच. जानूने ठोका का दिला नाही? पाना त्याच्या मनगटाला बांधलेला होता. खाली झोपड्यांत चाळीस माणसं झोपली होती, रात्रभर कोणी काही ऐकलं नाही. शेवटी लोक म्हणाले, पडताक्षणी शुद्ध गेली असेल. पोराचा हलगर्जीपणा.

जानूची आई जिजाबाई साईटच्या फाटकाशी आली होती. उत्तमचा हात धरून म्हणाली, "माजा पोर गप बसनारा न्हवता. त्यानं ठोका दिला आसंल. तू आयकलास का रं?"

उत्तम म्हणाला, "न्हाय, मावशी."

बरं. तर त्या गुरुवारी सात वाजून पाच मिनिटांनी उत्तम साईटवर पोचला. काम सहालाच सुटलेलं. फाटकाशी वॉचमन कणीक मळत बसला होता, त्याने मान हलवली. उत्तमने बेल्ट चढवला, पाना घेतला, जाळीच्या लिफ्टमध्ये शिरला आणि कळ दाबली. ती लिफ्ट इमारतीच्या बाहेरून वर जाते, खडखड करत. खाली नवघरचे दिवे बारीक होत गेले. पलीकडे मिठागरांवर चांदणं पडलं होतं. उत्तमच्या मनात खीर होती, दुसरं काही नव्हतं.

वर वारा होता. पुलाच्या तोंडाशी त्याने हूक लाइफलाइनला अडकवला. लाइफलाइन म्हणजे पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेच्या उंचीवर ताणलेली तार. मग सवयीने पान्याने कॉलमवर दोन ठोके दिले. टण् टण्. मी येतोय. वर चिटपाखरू नव्हतं, पण हाताला सवय.

मध्यावर गेला. दिव्याचा प्लग खरंच निघालेला होता. खोचला. दिवा लागला. काम झालं. परत फिरताना न बघायचं ठरवूनही खाली नजर गेलीच. गर्डरच्या खालच्या कडेला पिवळा हूक. दोरीचं तुटकं टोक वाऱ्यावर हलत होतं.

त्याने नजर काढली, पाऊल उचललं.

टण्…

टण् टण्.

तळपायाला कळलं. आधी पायाला, मग कानाला.

उत्तम थांबला. लोखंड आहे, दिवसा तापतं, रात्री आकसतं, आवाज करतं. हे त्यानेच नव्या पोरांना शंभरदा सांगितलेलं. पण आकसणारं लोखंड मोजून वाजत नाही.

टण्… टण् टण्.

खालून. बरोब्बर पायाखालून.

आता उत्तमने तोवर कोणालाच न सांगितलेली गोष्ट सांगतो. बायकोलासुद्धा नाही. ज्या संध्याकाळी जानू गेला, त्या संध्याकाळी उत्तम वरच, अडतिसाव्या मजल्यावर लिफ्टपाशी उभा होता. बाकीचे उतरले होते. तेव्हा त्याने जानूचा ठोका ऐकला होता. आणि त्याने उत्तर दिलं होतं. टण्… टण् टण्. ऐकलं, तू येईपर्यंत मी इथेच आहे. त्याला वाटलं, पोरगा शेवटचे बोल्ट आवळतोय, येईल. इतक्यात फोन आला, खाली कोणी बडे पाहुणे आलेत, ताबडतोब ये. पाच मिनिटांत परत येऊ म्हणून तो लिफ्ट घेऊन उतरला. खाली पाहुण्यांनी बोलण्यात गुंतवला. चहा झाला. पाऊस सुरू झाला. उत्तमला वाटलं, जानू एव्हाना जिन्याने उतरून गेला असेल. आणि तो घरी गेला.

म्हणजे जानू बेशुद्ध नव्हता. जानूने ठोका दिला होता. आणि उत्तर मिळालं म्हणून, नियमाप्रमाणे, तो गप राहिला होता. उत्तमदादा थांबलाय या भरवशावर. पायांना मुंग्या येईपर्यंत. पाय गार पडेपर्यंत…

असो.

टण्… टण् टण्.

उत्तमने उत्तर दिलं नाही. पान्याचा हात छातीशी दाबून धरला. पुलावर पळायचं नसतं, तो पळाला. लिफ्टपाशी हूक ओढून सोडवला. आत शिरला, दार ओढलं, कळ दाबली. लिफ्ट उतरायला लागली. पस्तीस. तीस. आवाज वर राहायला हवा होता. राहिला नाही. लिफ्टच्या खांबातून तो उतरत होता, तेवढाच मोठा, तेवढाच जवळ. वीस. टण्… टण् टण्. दहा. टण्… टण् टण्.

जमिनीवर लिफ्ट टेकली आणि सगळं शांत. वॉचमनचा तवा चुलीवर होता. "बत्ती जल गयी, साब," तो म्हणाला. उत्तमने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, स्कूटर काढली आणि घर गाठलं.

घरी आरती त्याच्यासाठी खोळंबली होती. पूर्वी घंटा वाजवत होती, सुलूवहिनी ताम्हण फिरवत होत्या, आणि उत्तम टाळ्या वाजवत होता, मनात म्हणत होता, संपलं, मागे राहिलं, भास होता. आरती झाली. वहिनी पानं घ्यायला आत गेल्या. घंटेचा आवाज हळूहळू विरला.

आणि ओटीच्या जाळीवर… टण्. टण् टण्.

"कोण आहे बघा हो," आतून वहिनी म्हणाल्या. म्हणजे त्यांनीही ऐकलं.

बाहेर दिवा होता. जाळीपलीकडे अंगण, स्कूटर, तुळस. माणूस नाही. उत्तम जाळीपासून दोन पावलं मागे सरला. उत्तर दिलं नाही की जाईल. आज ना उद्या थकेल. तो एवढंच घोकत होता…

"जानूकाका!"

पूर्वी त्याच्या बगलेखालून धावत गेली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, काका गावाला गेलाय एवढंच. हातात खिरीचा चमचा. उत्तमच्या तोंडून "नको" निघायच्या आत तिने जाळीवर ठोका दिला.

टण्… टण् टण्.

त्यानंतर आवाज आला नाही. अजिबात नाही. कसा येईल? उत्तर मिळालं होतं.

पोरगी जाळीपाशी पाटावर बसली. "पूर्वी, आत ये. जेवायला चल."

"मी उत्तर दिलंय ना, बाबा. आता थांबायला लागेल. काका उतरेपर्यंत."

"काका नाहीये तिथे."

"आहे."

उत्तम तिला उचलायला वाकला. ती म्हणाली, "बाबा, माझ्या पायांना मुंग्या आल्यात."

त्याने तिच्या पावलाला हात लावला. गार. डिसेंबरातला गारवा नव्हे तो. त्याने पोटरी चोळली, तीही गार. "दुखतंय का?" "काहीच कळत नाहीये, बाबा." सुलूवहिनी तेल घेऊन आल्या, म्हणाल्या, एकाच जागी बसली म्हणून झालं असेल. पोरगी उभी राहायला गेली आणि कपड्याच्या घडीसारखी खाली बसली. वहिनींच्या हातातली तेलाची वाटी पडली.

घाबरणं काय असतं ते उत्तमला पुलावर कळलं नव्हतं, ते आत्ता कळलं. ज्याने उत्तर दिलं तो बांधला गेला. आठ वर्षांची पोर अडकली होती, बापाच्या जागी.

"शेजारच्यांना सांगून डॉक्टरला बोलाव," तो वहिनींना म्हणाला, "मी आलोच." आणि निघाला. वहिनी मागून काय ओरडल्या ते त्याला आजही आठवत नाही.

आठ वाजून दहा मिनिटं. पुन्हा लिफ्ट. पुन्हा अडतीस. त्याने लिफ्टचं दार सताड उघडलं, बाहेर पाऊल टाकून कॉलमपाशी उभा राहिला. पाना वर केला.

टण्… टण् टण्.

ऐकलं. तू येईपर्यंत मी इथेच आहे.

आणि तो थांबला. सप्टेंबरात थांबायला हवं होतं तसा.

दिवा लागत होता, विझत होता. पूल लाल. पूल काळा. पूल लाल. कोणी नाही. पाच मिनिटं. दहा.

मग तारेवर आवाज झाला.

खर्र…

लाइफलाइनवरून हूक सरकतो तसा. पुलाच्या मध्यावरून.

खर्र… थांबला. खर्र…

एक पाऊल, एक सरक. शिकवल्याप्रमाणे. आधी हूक, मग पाय.

उत्तमने मान खाली घातली. स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. तार त्याच्या कोपराजवळ थरथरली. वारा पडला. कोणीतरी अगदी जवळून गेलं… आणि लिफ्ट खाली दबली. एका माणसाच्या वजनाने दबते तेवढीच. आत कुठेतरी खट् झालं. हूक लागला.

उत्तम आत गेला. दार लावलं. तोंड दाराकडे. अडतीस मजले पाठ उघडी. मागे कोणी श्वास घेत नव्हतं, तेच जास्त भीतीचं होतं, असं उत्तम म्हणाला.

खाली दार उघडलं. तो बाजूला झाला. त्या एका ठोक्याची वाट बघितली. उतरलो, एवढंच. एक ठोका.

नाही आला.

फोन वाजला. सुलूवहिनी रडत होत्या. "अहो, गुडघ्यांच्या वर गेलंय. मांड्या गार पडल्यात. कुठे आहात तुम्ही?"

उत्तमने फोन खिशात टाकला. आणि मग त्याला उमगलं. साईटची जमीन म्हणजे काही जानूचं ‘खाली’ नव्हतं. संध्याकाळी काम सुटलं की माणूस उतरतो कुठे? घरी.

तो स्कूटरवर बसला. मागे न बघता म्हणाला, "चल. पालीला सोडतो."

खट्.

स्कूटरची मागची बाजू दबली.

नवघरहून पाली म्हणजे स्टेशन ओलांडायचं, मग मुर्धा, राई, मोर्वा, पुढे उत्तनचा रस्ता. एरवी अर्धा-पाऊण तास. उत्तमने दोन्ही आरसे आधीच बाहेरच्या बाजूला वळवून टाकले होते. वळणावर स्कूटर मागच्या वजनाने कलायची. त्याला पाठीवर गार लागत होतं, पण स्पर्श नव्हता. राईच्या पुढे नाकाबंदी होती. हवालदाराने बॅटरी मारली, स्कूटरवर फिरवली, आणि पुढे जा म्हणून हात केला. उत्तम निघाला तसा मागून ओरडला, "ओ! मागच्याला पट्टा वर घ्यायला सांगा. लोंबतोय. चाकात जाईल."

उत्तमने सांगितलं नाही. तो फक्त चालवत राहिला. रडत होता, असं त्याने मला सांगितलं. भीतीने की कशाने, ते त्यालाही माहीत नाही.

पालीत गल्ल्या अरुंद. जिजाबाई दारातच बसली होती, अंगणातल्या बल्बखाली जाळं सांधत. बाजूला जुना लोखंडी नांगर पडलेला, होडीचा. उत्तमने स्कूटर स्टँडवर लावली. तिच्या पुढ्यात जमिनीवर बसला.

"मावशी, मी खोटं बोललो. त्याने ठोका दिला होता. मी ऐकला होता. उत्तर पण दिलं होतं, की थांबतो म्हणून. आणि मी… थांबलो नाही."

जिजाबाईची सुई थांबली. समुद्राचा आवाज येत होता.

"म्हंजे गप ऱ्हायला तो तुज्या भरवशावर," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"लोकं बोलली, पोर हलगर्जी होता. मी तीन म्हयने आयकून घेतला." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "माजा पोर हलगर्जी न्हवता."

"नव्हता, मावशी. चूक माझी. उद्या साईटवर सगळ्यांसमोर सांगतो."

"सांग," ती म्हणाली. एवढंच.

आणि अंगणात, त्या नांगरावर…

टण्.

एकच.

स्कूटरचा स्टँड करकरला. मागची बाजू उचलली गेली. जिजाबाईने नांगराकडे पाहिलं, मग दाराच्या आत, अंधारात. जाळं बाजूला ठेवून उठली, आत गेली, आणि उत्तमच्या तोंडावर दार लावून घेतलं. आतून तिचा आवाज आला, हळू, कोणाशी तरी बोलावं तसा. "आलास? दमलास का रं?"

उत्तमचा फोन वाजला. पूर्वी बोलत होती. "बाबा, काका उतरला. मला भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी उत्तमने पूर्ण टोळीसमोर सगळं सांगितलं, पोलिसांनाही सांगितलं. त्यातून जे व्हायचं ते झालं, ती वेगळी कथा. उंचावरचं काम त्याने सोडलं. पूर्वी आता ठणठणीत आहे, खो-खो खेळते.

काय म्हणालास, पिंटू? संपली? संपली असती. पण शुक्रवारी सकाळी उत्तम स्कूटर धुवायला बसला. मागे सीटला धरायची दांडी असते ना, त्या दांडीला एक हूक लागलेला होता. पिवळा. दोरीचं वीतभर तुटकं टोक लोंबत होतं. त्याने टोळीतल्या पोराला फोन करून वर पाठवलं, बघ म्हणून. पुलाखालच्या गर्डरला हूक नव्हता.

ठोका तर आला होता. उतरलो म्हणून. सगळ्यांनी ऐकला, त्या पोरीनेसुद्धा. पण उतरलेला माणूस आधी आपला हूक काढून घेतो. जानूसारखा पोरगा तो विसरणार नाही. मग हूक दांडीलाच का राहिला?

उत्तमने ती स्कूटर पुन्हा चालवली नाही. माझ्याकडे गाडी नाही, पार्किंगची जागा रिकामी होती, म्हणून गेल्या वर्षी त्याने ती हाताने ढकलत आपल्या बिल्डिंगखाली आणून लावली. ती कोपऱ्यातली, राखाडी. आता जिन्याने उतराल तेव्हा बघा हवं तर. कौस्तुभ, आता लाव टॉर्च. हूक अंगठ्याने सहज उघडेल असा आहे, गंजलेलाही नाही.

पण हात लावायचा नाही. ज्याचा आहे, तो काढेल.